आधी त्रिग्लाव

सिरिल बेर्तोन्सेलच्या चष्म्याच्या दुकानातून त्रिग्लाव डोंगर दिसायचा तो खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढा. हवा कोरडी असली की त्याची कड धारदार दिसे, दमट असली की ती किंचित निळसर होऊन विरघळल्यासारखी वाटे. नवा चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट बसला की सिरिल त्याला त्या कोपऱ्याकडे पाहायला लावी आणि गंभीरपणे विचारी, "माथ्यावर पत्र्याचा छोटा बुरूज आहे. दिसतो का?"

तो बुरूज माणसापेक्षा थोडासाच उंच. क्रान गावातून तो दिसणं प्रकाशाच्या कुठल्याही नियमात बसत नाही. "नाही बुवा" म्हणणाऱ्याला सिरिल चष्मा डबीत घालून देई. "दिसतो की, अगदी स्वच्छ!" म्हणणाऱ्याला पुन्हा खुर्चीत बसवी आणि तपासणी पहिल्यापासून सुरू करी. क्रानमधली निम्मी प्रतिष्ठित मंडळी या परीक्षेत नापास झालेली होती. त्यांचाही दोष नव्हता. आमच्या देशाच्या निशाणावर त्रिग्लाव आहे, नाण्यावर त्रिग्लाव आहे, आणि जो एकदा तरी तो चढून गेला नाही तो पुरता स्लोव्हेन नाही असं आम्ही मानतो. तेव्हा तो बुरूज दिसत नाही असं भर दुकानात कबूल करायला छाती लागते.

सिरिल स्वतः मात्र पन्नाशी ओलांडूनही त्रिग्लाव चढलेला नव्हता. त्याच्या दुकानात चौकटींची एक वरची फळी होती. तिथे पोचायला शिडीच्या तीन पायऱ्या चढाव्या लागत, आणि दुसऱ्या पायरीनंतर सिरिलचे गुडघे त्याचे राहत नसत. त्यामुळे त्या फळीवरच्या चौकटी वीस वर्षं जागच्या हलल्या नव्हत्या. त्या जुन्या झाल्या, हास्यास्पद झाल्या आणि अलीकडे पुन्हा फॅशनमध्ये आल्या, तरी खाली आल्या नाहीत. याचं कारण सिरिलने कुणाला सांगितलं नव्हतं. "ती खास मालाची फळी आहे," एवढंच तो म्हणे.

एवढ्यावर भागलं असतं. पण बारा वर्षांपूर्वी एका रविवारी, जेवणाच्या टेबलावर, सूप संपून भाजलेले बटाटे यायच्या मधल्या वेळात, त्याच्या आईने, तोन्चकाबाईंनी, सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, तुझं आणि ब्रेदाचं लग्न कधी?" सिरिल दचकला. त्याने काटा खाली ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "आधी त्रिग्लाव, मग लग्न."

टाळ्या पडल्या. एका मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्लूबेरीच्या दारूची बाटली उघडली गेली आणि देशासाठी एक, डोंगरासाठी एक असे पेले झाले. असं वाक्य सुचणं हे माणसाचं दुर्दैव. एकदा सुचलं की ते त्याला पुरून उरतं. सिरिलला ते बारा वर्षं पुरलं. कधी गुडघा दुखे, कधी पाऊस लवकर येई, कधी जुलैपर्यंत बर्फ राही. दर शरद ऋतूत तो खिडकीच्या कोपऱ्याकडे पाहून सुस्कारा टाकी आणि लोक हळहळत.

ब्रेदा नगरपालिकेच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती. स्वभावही तसाच. नमुना हलवायचा नाही, गाळ खाली बसू द्यायचा, मग काय दिसतं ते सांगायचं. सिरिलबरोबर जायचं म्हणून तीही त्रिग्लाव चढायची थांबली होती. प्रयोगशाळेतल्या सगळ्या बायका दर उन्हाळ्यात जाऊन येत आणि जेवणाच्या सुट्टीत तिला गालातल्या गालात हसून विचारत, "काय ब्रेदाताई, यंदाही बर्फच का?"

मे महिन्यात एका संध्याकाळी ती दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"पिरानहून फोन होता," ती म्हणाली. "मिठागरांच्या प्रयोगशाळेत जागा निघालीय. बहिणीच्या वरचं घरही रिकामं आहे."

"छान आहे हो पिरान," सिरिल म्हणाला. तो एक बारीक स्क्रू पिळत होता. "समुद्र आहे."

"समुद्र आहे. ऑगस्ट संपायच्या आत हो की नाही ते कळवायचंय."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाहीये. मी बारा वर्षं काही म्हणत नाहीये."

स्क्रू सिरिलच्या हातून निसटला आणि फरशीवर कुठेतरी गेला. त्याला एकदम दिसलं ते असं, की संध्याकाळी दुकान बंद करताना खुर्चीत कुणी नाही, आणि मग कुलूप लावून घरी जाण्यात काहीच अर्थ नाही. तो ताठ उभा राहिला आणि गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाला, "याच ऑगस्टात! मी त्रिग्लाव चढतोय!"

दुर्दैवाने दुकानात शेजारचा लोय्झे होता. लोय्झे निवृत्त पोस्टमन. पत्रं वाटणं त्याने सोडलं होतं, पण बातम्या वाटणं सोडलं नव्हतं. दिवे लागायच्या आत गल्ली ओलांडून ती बातमी चर्चच्या चौकात पोचली.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले.

"अरे सिरिल, त्यात काय आहे!" लोय्झे म्हणाला. "गुरं चढतात."

"मी लग्नाच्या आठवड्यात चढले," आई म्हणाली. "स्कर्ट घालून. वर जाऊन तुझ्या बाबांशी भांडलेसुद्धा."

बेकरीवालीने बुटांची गोष्ट काढली. नवे बूट पाण्यात बुडवून, ओलेच पायात घालून पायावर वाळवायचे, म्हणजे ते पायाचा आकार घेतात. सिरिलने तसं केलं. पांढरा कोट, गळ्याला बो आणि खाली ओले डोंगरी बूट अशा वेषात तो तीन दिवस गिऱ्हाइकं पाहत होता. चालला की पचपच आवाज येई. एका म्हाताऱ्या बाईंनी काळजीने विचारलं, "अहो सिरिलसाहेब, तुमचा नळ गळतोय का कुठे?" बुटांनी शेवटी आकार घेतला खरा. तो कुणाच्या पायाचा होता हे कळलं नाही.

मग मुक्कामाचा प्रश्न निघाला. माथ्याखाली क्रेदारित्सा नावाची मोठी झोपडी आहे. झोपडी म्हणायची, पण तिथे शेकडो माणसं झोपतात आणि ऑगस्टात तरीही जागा मिळत नाही. गिर्यारोहण मंडळामार्फत गेलं तर मिळते. मंडळाच्या चिटणीस पाव्लाबाई टेबलामागे बसून सिरिलकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"याआधीचं सर्वांत उंच शिखर?"

"योश्टची टेकडी," सिरिल म्हणाला.

योश्टची टेकडी आमच्या गावाला लागून आहे. तिच्यावर लोक न्याहारीआधी जाऊन येतात, काही जण कुत्र्याला फिरवायला म्हणून जातात.

"मग तुम्ही नवशिके. नवशिक्यांना मंडळाच्याच सहलीबरोबर जावं लागतं."

"जातो की."

"सहलीला यायचं तर आधी सरावाची सहल केलेली हवी. ती जूनच्या पहिल्या रविवारी असते."

"म्हणजे परवा!"

"हो. पण माणसं कमी म्हणून रद्द झालीय. बसभर माणसं आणलीत तर घेऊ."

"बस कशाला? सराव कुठे आहे?"

"योश्टच्या टेकडीवर."

"पण ती माझ्या घरामागे आहे!"

"नियमात बस आहे," पाव्लाबाई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

माणसं लोय्झेने जमवली. त्याला ते पोस्टासारखंच होतं, दारं वाजवायची. चर्चमधलं गायकमंडळ आलं, बेकरीवाली आली, अकॉर्डियनवाला फ्रान्से आला. बसने सगळ्यांना सिरिलच्या घरासमोरून उचललं, गावाला वळसा घातला आणि सिरिलच्या घरामागे सोडलं. टेकडी चढताना नातवाची बाबागाडी ढकलत चाललेली एक आजी सिरिलच्या पुढे निघून गेली. परतताना ती पुन्हा भेटली आणि म्हणाली, "अजून वर जाताय? या या, घाई नाही." या अनुभवाने सिरिलसकट सगळे मंडळाच्या नियमांप्रमाणे त्रिग्लावला पात्र ठरले. आणि पात्र ठरलोच आहोत तर येतोच, असं सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं.

दोन माणसांचा बेत बसभर कसा झाला याचा सिरिल विचार करत होता, तोवर त्याहून नाजूक प्रश्न उभा राहिला. फटक्यांचा.

त्रिग्लावच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचणाऱ्याचा बाप्तिस्मा होतो. त्याला ओणवं करतात आणि जुनं-जाणतं माणूस गिर्यारोहणाच्या दोराने त्याच्या पार्श्वभागावर फटके मारतं. त्याशिवाय चढाई खरी मानली जात नाही. यातून मंत्री सुटत नाहीत, नवऱ्यामुली सुटत नाहीत. लोय्झेने आपल्या वडिलांचा जुना दोर गॅरेजात खास सिरिलसाठी राखून ठेवला होता. दर वर्षी वसंतात तो त्याला तेल लावून वाळवी आणि सिरिल रस्त्याने जाताना दिसला की हातात नुसता तोलून पाही.

पण हक्क त्याचा एकट्याचा नव्हता. "पोर माझं आहे," आई म्हणाली. "मला गुडघ्यांमुळे येता येत नाही, पण माझ्या नावाने दोन जोरात द्यायचे." गायकमंडळाचं म्हणणं, सिरिल पंधरा वर्षं आमच्यात खालच्या सुरात गातो, तेव्हा पहिला फटका आमचा. बेकरीवालीचा चष्मा दोनदा चुकला होता, तिचीही इच्छा होती. ज्या गृहस्थाने नापास झालेल्यांना पुन्हा पुन्हा खुर्चीत बसवलं, त्याच्या बाबतीत गावात एवढी एकवाक्यता असेल असं त्याला वाटलं नव्हतं. शेवटी पाव्लाबाईंनी निकाल दिला: दोर लोय्झेचा, बाकीच्यांनी रांगेने यावं.

सिरिलच्या प्रतिष्ठेला हे फार लागलं. उंचीच्या भीतीबद्दल तो कुणाशी बोलू शकत नव्हता, म्हणून त्याने सगळं लक्ष फटक्यांवर दिलं. चष्म्याच्या डब्यांना आतून लावतात तो मऊ फेल्ट त्याच्याकडे भरपूर होता. दुकान बंद केल्यावर बसून त्याने तो पँटच्या आत, मागच्या बाजूला, चार थरांत शिवून घेतला. शिवण उत्तम झाली. बसताना थोडं सिंहासनावर बसल्यासारखं वाटे, इतकंच.

ब्रेदाने ती पँट पाहिली. हात लावून थर मोजले. "पावसाचा अंदाज पाहिलास का?" तिने विचारलं.

"पाऊस नाहीये," सिरिल म्हणाला.

पाऊस आला. क्र्माच्या दरीतून चढायला लागल्यावर, झाडी संपून उघडा दगड सुरू झाला आणि नेमका तिथे आला. तासाभरात फेल्टने चारही थरांत पाणी धरलं. सिरिल पाऊल टाकी तेव्हा मागून कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटे. बसला तर पाणी पायांतून बुटांत जाई आणि बूट पुन्हा आकार घेऊ लागत. मागून येणारा फ्रान्से अकॉर्डियनला रेनकोट घालून स्वतः भिजत चालला होता. तो म्हणाला, "सिरिल, वजन वाढलंय का रे तुझं? वाटेतच?"

क्रेदारित्साला पोचेपर्यंत सिरिलचं सगळं तेज उतरलं होतं. पण वाट इथवर तरी वाटच होती. डोंगराला पाठ होती, पोट होतं, पडायला जागा नव्हती. आंबट कोबीचं गरम सूप प्यायल्यावर त्याला वाटायला लागलं, की कदाचित लोक म्हणतात तसं गुरंही चढत असतील.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं आणि झोपडीसमोर उभा कडा दिसला. करंगळीच्या नखाचा त्रिग्लाव इथे आभाळाचा एक अख्खा भाग झाकून उभा होता. त्याच्यावर मुंग्यांसारखी माणसं लोखंडी खुंट्यांना धरून चढत होती.

"गुरं कुठून जातात?" सिरिलने हलकेच विचारलं.

"कुठली गुरं?" लोय्झे म्हणाला. त्याने दोर खांद्यावर घेतला होता आणि सकाळपासून तो फार खुशीत होता.

ब्रेदा पुढे, सिरिल तिच्यामागे, त्याच्यामागे लोय्झे, पाव्लाबाई, गायकमंडळ आणि मग उरलेला देश. ऑगस्टातला शनिवार होता. पहिला खुंटा सिरिलने धरला. दुसरा धरला. लोखंड गार होतं, भक्कम होतं. तिसऱ्याला हात घातला आणि पाय ठेवायची जागा बघायला म्हणून त्याने खाली पाहिलं.

पाय होते. पायांच्या मध्ये लोय्झेची टोपी होती. टोपीच्या पलीकडे, फार खाली, काहीच नव्हतं.

सिरिलने खुंट्याला दोन्ही हातांनी मिठी मारली, गाल दगडाला टेकवला आणि डोळे मिटले.

"चल की रे," लोय्झे म्हणाला.

ओल्या फेल्टमधून एक थेंब लोय्झेच्या टोपीवर पडला.

रांग थांबली. आमच्याकडे रांग थांबली की कारण मागेपर्यंत पोचवायची पद्धत आहे.

"काय झालं हो पुढे?"

"चष्मेवाले अडकलेत."

"कुठले? क्रानचे? अहो, मग विचारा त्यांना, माझ्या सासूबाईंचा वाचायचा चष्मा झाला का?"

प्रश्न तोंडातोंडी वर आला. "मंगळवारी!" सिरिल डोळे न उघडता ओरडला. उत्तर तोंडातोंडी खाली गेलं.

"सिरिल," लोय्झे म्हणाला, "तू हल, नाहीतर मी इथेच कार्यक्रम उरकतो. तुझी मागची बाजू अगदी बरोबर माझ्यासमोर आहे."

"इथे चालणार नाही," खालून पाव्लाबाई म्हणाल्या. "बाप्तिस्मा फक्त माथ्यावर."

"मग बांधा त्यांना!" गायकमंडळातून कुणीतरी म्हणालं. "वरून ओढू, खालून ढकलू. पोत्यासारखे जातील वर. काय सिरिलसाहेब?"

सूचना सगळ्यांना पटली. लोय्झेने दोर खांद्यावरून काढलासुद्धा. सिरिलच्या लक्षात आलं, की हे होऊ शकतं. एवढी माणसं आहेत, त्यांच्यात प्रेम आहे, त्वेष आहे. दुपारच्या आत आपण बुरुजापाशी असू, फटके खाल्लेले, पुरते स्लोव्हेन. बारा वर्षांचं वाक्य खरं होईल. आणि मग, गालाखालच्या त्या गार दगडावर, त्याला प्रामाणिकपणे हेही कळलं, की खाली उतरल्यावर आपण दुसरं काहीतरी शोधू. आधी दुकानाचं छप्पर. आधी आईचे गुडघे. एवढा मोठा डोंगर लपायला मिळालेला माणूस क्रानमध्ये दुसरा नव्हता. त्याच्या मागून बाहेर यायची त्याला या कड्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

वरून खडे घरंगळले. ब्रेदा दोन खुंटे उतरून खाली आली आणि त्याच्या डोक्याशी, एका अरुंद कपारीत बसली.

"सिरिल. डोळे उघड."

"नाही."

"बरं. मग ऐक तरी. मी वर जाणार आहे. आज. ते मी आता कुणासाठी थांबवणार नाही."

"जा," सिरिल दगडाला म्हणाला. "तू जायलाच हवं."

"सोमवारी मला पिरानला फोन करायचाय."

फ्रान्सेने मागच्या कुणालातरी "श्श्" केलं.

"त्यांना काय सांगायचं ते मला माथ्यावर ऐकायचं नाहीये," ब्रेदा म्हणाली. "माथ्यावर सगळेच शूर असतात. शिवाय तिथे तुझ्यामागे लोय्झे उभा असेल, आणि दोर बघून माणूस वाटेल ते कबूल करतो. मला इथे ऐकायचंय."

"ब्रेदाताई," खालून बेकरीवाली म्हणाली, "जरा वेळ द्या हो त्यांना."

"बारा वर्षं दिला," ब्रेदा म्हणाली.

"ते झालंच," बेकरीवाली म्हणाली.

"ओढायचं का मग?" लोय्झेने विचारलं. त्याने दोराचा फास करून ठेवला होता. "सिरिल, नुसती मान हलव. वर पोचल्यावर सांग तिला काय सांगायचं ते."

सिरिलने डोळे उघडले. आधी एक उघडला, मग दुसरा. अगदी जवळ ब्रेदाचा बूट होता, त्याच्या नाडीला दुहेरी गाठ, व्यवस्थित. त्याने तेवढ्यावर नजर ठेवली.

"लोय्झे, दोर गुंडाळून ठेव," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण गायकमंडळातला खालचा सूर होता तो, दरीच्या पलीकडे गेला असता. "मी वर येणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मला उंचीची भीती वाटते. आईला कळलं तरी चालेल."

"कळवतो," खालून कुणीतरी म्हणालं.

"आणि ब्रेदा, मला तुझ्याशी लग्न करायचंय. त्रिग्लाव न चढता. सप्टेंबरात. इथे क्रानमध्ये करू नाहीतर पिरानला करू, मी दुकान तिकडे हलवतो, पण लग्न करायचं, हे माझं ठरलं. आता मला कुणीतरी सांगा, डावा पाय कुठे ठेवू?"